बिअरवाल्यांनी मोजलेला समुद्र

घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटलं, की माशांच्याही आधी विकत घ्यावी लागतात ती पाणी तपासायची साधनं. क्षार मोजायला हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर, पीएच बघायला पेन, अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटसाठी थेंबांच्या बाटल्या आणि सोबत रंगांचं कार्ड. यादी वाचून कुणालाही वाटेल, की हे सगळं समुद्रशास्त्रज्ञांनी समुद्रासाठी घडवलं आणि त्याची घरगुती आवृत्ती आपल्यापर्यंत आली. पण एकेका साधनाचा माग काढत गेलं, की वाट बहुतेक वेळा समुद्रावर पोचतच नाही. ती लंडन, बर्टन, सॉल्सबरी, कोपनहेगन इथल्या बिअरच्या कारखान्यांत जाऊन थांबते.

मजेशीर योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण कोणतं साधन घ्यायचं आणि कोणतं नाही, याचं उत्तर मला शेवटी याच इतिहासात सापडलं.

माझी अडचण साधी होती. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ९० लिटरची टाकी, त्यात टाकीतच जन्मलेले दोन क्लाउनफिश. क्षार मोजायला माझ्याकडे प्लास्टिकचा हायड्रोमीटर होता, एका मित्राने रिफ्रॅक्टोमीटर आणला, दुसऱ्याकडून विजेवर चालणारं कंडक्टिव्हिटी पेन मिळालं. एकाच ग्लासातल्या पाण्यावर पहिल्याने सांगितलं १.०२२, म्हणजे दर हजार भागांत साधारण २९ भाग क्षार. दुसरा म्हणाला ३६. तिसरा म्हणाला ३४. यातलं ‘खरं’ कोणतं?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात अशा वेळी एक प्रश्न आपोआप तोंडात येतो. तीन सर्व्हर तीन वेगळ्या वेळा दाखवत असतील, तर त्यांतला हुशार कोण हे विचारून उपयोग नसतो. विचारायचं असतं, कोण कुणाकडून वेळ घेतोय? हाच प्रश्न मी पाण्याच्या साधनांना विचारत गेलो.

ब्रुअरीतला रसायनतज्ज्ञ आणि दोन सोनेरी मासे

घरातल्या मत्स्यालयाचा इतिहास सांगताना रॉबर्ट वॉरिंग्टन हे नाव हमखास येतं. हा लंडनचा रसायनतज्ज्ञ. १८३१ ते १८३९ अशी आठ वर्षं त्याने ट्रुमन, हॅनबरी अँड बक्स्टन या ब्रुअरीत काढली, नंतर औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम केलं, लंडनची केमिकल सोसायटी उभी करण्यात पुढाकार घेतला. १८५० साली त्याने याच सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे ५४ लिटरच्या काचपात्रात दोन छोटे सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देणार, मासे कार्बन डायऑक्साइड देणार, हिशोब जुळणार. काही दिवसांनी पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं.

समुद्री जीव घरात जगवण्याची खटपट त्याच्याही आधी सुरू झाली होती. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले आणि ते टिकवलेही. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत बसे. एअर पंपाचा शोध नव्हता, मोलकरीण होती. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ साली फिलिप हेन्री गॉसचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडभर टाक्यांची लाट आली.

या सगळ्यांकडे पाणी तपासायचं काय होतं? डोळे आणि नाक. वॉरिंग्टनसारख्या कसलेल्या रसायनतज्ज्ञाच्या हिशोबातही दोनच वायू होते, प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड. माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया त्याच्या ताळेबंदात नव्हता. पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही त्यात मासे मरू शकतात, आणि मरत होते. पुढची पन्नास-साठ वर्षं जी साधनं घडली, त्यांनी हे न दिसणारं दिसायला लावलं. पण ती घडवणाऱ्यांच्या समोर मासे नव्हते. त्यांच्यासमोर पिंप होतं.

काटा तरंगतो कशात?

सगळ्यांत जुनं साधन म्हणजे हायड्रोमीटर. पाण्यात क्षार जास्त, तर तरंगणारी नळी जास्त वर. बिअरवाल्यांना क्षार नको होते, त्यांना साखर मोजायची होती. माल्ट उकळून काढलेल्या रसात साखर किती उतरली, यावर बिअर किती कडक होणार आणि त्या पोत्याचे पैसे वसूल झाले की नाही, हे ठरत असे. इंग्लंडमध्ये हल शहरातल्या जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये ब्रुअरीत हायड्रोमीटर कसा वापरायचा यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी मुरलेले ब्रुअर हा अंदाज जिभेने घेत.

फ्रान्समध्ये आंत्वान बोमे या औषधविक्रेत्याने १७६८ मध्ये हायड्रोमीटरसाठी आपली मोजपट्टी बसवली. शुद्ध पाणी म्हणजे शून्य अंश, शंभर भागांत पंधरा भाग मीठ असलेलं पाणी म्हणजे पंधरा अंश. ही बोमेची पट्टी आपल्याकडे आजही जिवंत आहे, ती मिठागरांत. खाडीचं पाणी साधारण साडेतीन अंशांवर आत घेतात, ते एका कोंडीतून दुसरीत फिरवत तापवतात आणि पंचविसाच्या आसपास मीठ धरू लागतं. उरण-पेणच्या मिठागरात ही मोजपट्टी म्हणजे पॅरिसच्या औषधाच्या दुकानातून निघालेला अडीचशे वर्षांचा निरोप आहे.

आता हायड्रोमीटरचा घोळ कळतो. तो थेट क्षार मोजत नाही, तो घनता मोजतो, आणि घनता तापमानाने बदलते. शिवाय ‘पाण्याच्या तुलनेत किती जड’ असं म्हणताना, कोणत्या तापमानाच्या पाण्याच्या तुलनेत, हेही सांगावं लागतं. हजारी ३५ क्षारांचं समुद्राचं पाणी २५ अंश सेल्सिअसला, २५ अंशांच्याच शुद्ध पाण्याशी ताडलं तर आकडा येतो १.०२६४. त्याच पाण्याची नुसती घनता लिहिली तर १.०२३३. पाणी एकच, आकडे दोन, दोन्ही बरोबर. स्वस्त हायड्रोमीटरच्या डब्यावर बहुतेक वेळा यातलं काहीच छापलेलं नसतं. त्याच्या पात्यावर हवेचा एखादा बुडबुडा चिकटला, की पातं वर उचललं जातं आणि आकडा आणखी सरकतो.

रिफ्रॅक्टोमीटरची गोष्ट यापेक्षा सरळ, पण तिच्यातही मेख आहे. विरघळलेल्या पदार्थामुळे पाण्यातून जाणारा प्रकाश किती वाकतो, यावर तो चालतो. येनाच्या झाइस कंपनीत काम करणाऱ्या एर्न्स्ट आबेने १८७४ मध्ये या उपकरणाची मांडणी प्रसिद्ध केली. आज आपल्याकडे त्याचा हातात धरायचा भाऊ नाशिकच्या द्राक्षबागेत फिरतो. मणी पिळून दोन थेंब काचेवर टाकायचे, आकाशाकडे धरून बघायचं आणि ब्रिक्स किती भरला ते वाचायचं. उसाची पक्वता बघायलाही तोच.

टाकीसाठीचा रिफ्रॅक्टोमीटर दिसायला अगदी तसाच असतो, फक्त आतली पट्टी बदललेली. आणि ही पट्टी पुष्कळदा समुद्राच्या पाण्यासाठी नसून साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. समुद्रात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं, आणि प्रकाश त्यांच्यामुळे थोडा वेगळा वाकतो. हजारी ३५ चं समुद्राचं पाणी प्रकाश जितका वाकवतं, तितकाच तो वाकवायला साधं मीठ हजारी ३६.५ लागतं. म्हणून मिठाची पट्टी समुद्राच्या पाण्यावर लावली की आकडा दीडाने चढा येतो. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर ३६ का म्हणत होता, याचं मोठं कारण इथे होतं.

कोपनहेगनची बाटली

मग समुद्रशास्त्रज्ञ काय करत होते? ते दुसऱ्याच प्रश्नाशी झुंजत होते.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगभरचे समुद्र पालथे घातले. त्यातले पाण्याचे ७७ नमुने ग्लासगोत विल्यम डिटमारकडे गेले. त्याचा अहवाल १८८४ मध्ये आला आणि एक जुनी शंका पक्की झाली: खुल्या समुद्रात क्षार कमीजास्त असतात, पण मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखं असतं. हा फार मोठा दिलासा होता. म्हणजे सगळं मोजायची गरज नाही. एकट्या क्लोराइडचं माप घ्या, बाकीचे गणिताने काढा.

क्लोराइड मोजायची पद्धत सिल्व्हर नायट्रेटची. पण नॉर्वेच्या जहाजावरचा ३५ आणि रशियाच्या जहाजावरचा ३५ एकच कसा ठरवायचा? डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनने १९०१ च्या सुमारास यावर तोडगा काढला. कोपनहेगनमधून काचेच्या नळ्यांत सीलबंद केलेलं, नेमकं मोजलेलं समुद्राचं पाणी जगभर पाठवायचं. प्रत्येकाने आपली साधनं त्या पाण्याशी जुळवून घ्यायची. ही सेवा अजून चालू आहे. १९७५ पासून ती इंग्लंडमधून चालते. जगभरच्या समुद्राचा खारटपणा सव्वाशे वर्षं एका बाटलीशी ताडून बघितला जातोय.

क्नुडसेनच्या सूत्राची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ते असं होतं: क्षारता = ०.०३० + १.८०५ × क्लोराइड. आता क्लोराइड शून्य धरा. उत्तर येतं ०.०३०. समुद्राचं मीठच नाही, तरी पाणी किंचित खारट! कारण हे सूत्र फक्त नऊ नमुन्यांवर बेतलेलं होतं आणि त्यातले कमी खारट नमुने बाल्टिक समुद्राचे होते, जिथे नद्या आपले वेगळे क्षार आणून सोडतात. बाल्टिकचा तो गाळ सूत्रात अडकला आणि साठ वर्षं तिथेच राहिला. १९६० च्या दशकात सूत्र बदलून नुसतं १.८०६५५ × क्लोराइड असं केलं. नवा गुणक असा निवडला होता, की ३५ या आकड्याला धक्का लागू नये. कोड वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल: जुन्या डेटाशी नातं तुटू नये म्हणून केलेली दुरुस्ती.

१९७८ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. आता क्षारता विजेच्या वहनावरून ठरते. १५ अंश सेल्सिअसला ज्या समुद्राच्या पाण्यातून वीज, किलोमागे ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेल्या द्रावणाइतकीच सहज वाहते, ते पाणी ३५. कंडक्टिव्हिटी पेन हा या व्याख्येचा घरगुती वारस. त्याचीही अट तीच: ते कशाशी जुळवलंय, ते आधी सांगा. २५ अंशांना हजारी ३५ च्या पाण्याची वाहकता सुमारे ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर येते. त्या आकड्याच्या प्रमाण द्रावणाशी न जुळवलेलं पेन म्हणजे नुसता आत्मविश्वास.

क्नुडसेनच्या मदतीला त्या वेळी एक तरुण रसायनतज्ज्ञ होता. त्या नऊ नमुन्यांचं रासायनिक काम त्याने केलं होतं. त्याचं नाव एस. पी. एल. सोरेनसेन. १९०१ मध्ये त्याला नवी नोकरी लागली. कुठे, तर कार्ल्सबर्गमध्ये.

पीएच, बिअरच्या दारातून

कार्ल्सबर्ग ब्रुअरीचा मालक जे. सी. याकोबसेन याने १८७५ मध्ये आपल्या कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली. तिच्या नियमांत एक कलम होतं: इथे जे महत्त्वाचं सापडेल ते गुप्त ठेवायचं नाही. ओपन सोर्स हा शब्द जन्मण्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. या प्रयोगशाळेत सोरेनसेन एन्झाइमवर काम करत होता. धान्यातल्या साखरेचं आणि प्रथिनांचं काय होणार हे एन्झाइम ठरवतात, आणि एन्झाइम आम्लतेबाबत फार नखरेल असतात. पण आम्लता लिहायची तर दशांश चिन्हामागे शून्यांची रांग लावावी लागे. १९०९ मध्ये त्याने ती रांग काढून टाकली आणि लॉगॅरिदमवर बेतलेला एक सुटसुटीत आकडा दिला. तोच पीएच.

त्याच सालच्या आसपास त्याने हे माप समुद्राच्या पाण्यालाही लावलं. म्हणजे टाकीवाल्यांच्या दोन मुख्य आकड्यांवर, क्षारता आणि पीएच, एकाच माणसाचा हात फिरलेला आहे. आणि पीएच मोजण्याचं यंत्र? ते १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमनने बनवलं, लिंबाच्या रसाची आम्लता मोजून हवी होती म्हणून. समुद्र इथेही नव्हता.

पीएच पेन घ्यावं का, यावर मी बराच विचार केला. ही पेनं ज्या द्रावणांशी जुळवतात, ती समुद्राच्या मानाने फार पातळ असतात. त्यामुळे समुद्रशास्त्रज्ञ वापरतात त्या पट्टीपेक्षा आकडा साधारण ०.१ ने वेगळा येतो. औद्योगिक क्रांतीपासून आजपर्यंत समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच उतरला आहे तोही साधारण ०.१. शास्त्रज्ञांसाठी या एवढ्याशा अंतरात सगळा प्रश्न सामावलेला आहे. पण माझ्या खोलीत रात्री खिडक्या बंद करून तिघं झोपले, की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनेच सकाळचा पीएच खाली आलेला असतो. तो आकडा बघून मी काय करणार? खिडकी उघडणार. ते पेन न घेताही करता येतं.

रंग बघणारे

टाकीत जीव जातो तो मुख्यतः अमोनियाने. त्यासाठी थेंबांच्या बाटल्या लागतात, आणि हा सगळा रंगांचा खेळ आहे.

युलिउस नेसलरने १८५६ मध्ये अमोनिया ओळखणारं द्रावण दिलं, अमोनिया दिसला की पिवळं-तपकिरी होणारं. हा जर्मन कृषी-रसायनतज्ज्ञ पुढे वाइनच्या जाणकारांत गणला गेला. त्याच्या द्रावणात पारा असतो, आणि समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियमने ते गढूळ होतं. म्हणून आज टाकीसाठी हिरवा रंग देणारी सॅलिसिलेटची चाचणी घेणं बरं.

नायट्राइट ओळखणारा पीटर ग्रीस तर थेट ब्रुअरीतला. बर्टन-ऑन-ट्रेंटच्या ऑल्सॉप ब्रुअरीत तो १८६२ पासून रसायनतज्ज्ञ होता. १८७९ मध्ये त्याने दिलेली चाचणी नायट्राइट सापडलं की गुलाबी होते. लघवीच्या तपासणीत पॅथॉलॉजीवाले जी पट्टी बुडवतात, तिच्यावरचा नायट्राइटचा चौकोन याच रसायनावर चालतो. नायट्रेटची चाचणीही मुळात हीच: आधी नायट्रेटचं नायट्राइट करायचं, मग ग्रीसचा गुलाबी रंग बघायचा. म्हणून त्या बाटलीवर ‘जोरात हलवा’ असं लिहिलेलं असतं. नायट्रेट फोडणारी पूड तळाशी बसते. कमी हलवलं तर आकडा कमी येतो, आणि टाकी आहे त्याहून स्वच्छ वाटते.

आणि इथे वॉरिंग्टन घराणं परत येतं. मत्स्यालयवाल्या रॉबर्ट वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८७६ पासून काम करू लागला. मातीत अमोनियाचं नायट्रेट कसं होतं, हा त्याचा विषय. ग्रीसची चाचणी हाताशी धरून त्याने दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं. आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, आणि दोन्ही कामं करणारे जीवाणू वेगळे. ते जीवाणू वेगळे काढण्याचं श्रेय पुढे १८९० मध्ये विनोग्राड्स्कीला गेलं. पण बापाच्या काचपात्रात जे अदृश्यपणे चाललं होतं, त्याचा ताळेबंद मुलाने मातीत मांडला. बाप १८६७ मध्येच वारला होता.

आज नवी टाकी भरली की पहिले काही आठवडे आपण याच दोन टप्प्यांची वाट बघत असतो. अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं, आणि मगच मासे आणायचे. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यामुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं घातक नसतं. इथे त्याची चाचणी विष मोजण्यापेक्षा टप्पा ओळखायला जास्त कामी येते. अमोनियाचं उलट. तो दोन रूपांत असतो आणि चाचणी दोन्ही मिळून मोजते. पीएच ७ ला त्यातला साधारण दोनशेत एक भाग विषारी रूपात असतो, समुद्राच्या ८.२ ला तो वीसात एकच्या आसपास जातो. म्हणजे कार्डावरचा तोच हिरवा चौकोन गोड्या पाण्यात काळजीचा, तर खाऱ्या पाण्यात धावपळीचा.

रंग कार्डाशी जुळवायचं कामही एका ब्रुअरनेच शिस्तीत बसवलं. सॉल्सबरीचा जोसेफ लोव्हिबाँड बिअरचा रंग नेमका ठरवायला धडपडत होता. रंगीत द्रावणं काही दिवसांत फिकी पडत. मग त्याने रंगीत काचा घेतल्या, त्यांना आकडे दिले आणि १८८५ मध्ये टिंटोमीटर कंपनी काढली. सॉल्सबरी कॅथीड्रलच्या रंगीत खिडक्या बघून त्याला हे सुचलं, असं सांगतात. माल्टचा रंग आजही लोव्हिबाँडच्या अंशांत मोजतात, आणि त्याच्या काचांच्या चकत्यांनी पुढे जगभरची पाणी-तपासणी केली.

छोटा कलरीमीटर याच कामात डोळ्याच्या जागी एलईडी आणि प्रकाश मोजणारा डोळा बसवतो. त्याच्यामागच्या नियमाला ‘बीअरचा नियम’ म्हणतात, पण हा आउगुस्ट बीअर नावाचा प्राध्यापक. इतक्या सगळ्या ब्रुअरांच्या गर्दीत, बिअर हे नाव असलेला एकमेव माणूस ब्रुअरीत नव्हता.

ब्रुअरीच का?

याचं उत्तर मला असं दिसतं. समुद्रशास्त्रज्ञाला ‘समुद्र खरा कसा आहे’ हे जाणायचं असतं. म्हणून त्याचा आकडा जगातल्या प्रत्येक जहाजाशी जुळायला हवा. ब्रुअरला विश्वाचं सत्य नको असतं. त्याला एवढंच हवं असतं, की आजचं पिंप कालच्यासारखं व्हावं. मोजणारा प्राध्यापक नसून पहाटेच्या पाळीचा कामगार असणार, पाच मिनिटांत आकडा हवा आणि उद्या दुसऱ्याने मोजला तरी तोच यायला हवा. बंद भांडं, आत जिवंत जीव, रोज थोडं बदलणारं पाणी. घरातली टाकी ही समुद्राची छोटी प्रत वाटते, पण कामाच्या अंगाने ती पिंपाची बहीण आहे.

डिटमारचा दिलासाही इथे लागू होत नाही. समुद्र एवढा मोठा, की प्रमाण ढळत नाही. ९० लिटरमध्ये ढळतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, घाण साठते. म्हणून समुद्राला एक माप पुरतं आणि टाकीला चार लागतात. दुसऱ्या बाजूने, ३५ हा आकडा पवित्रही नाही. अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३६ च्या आसपास असतो, बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग नद्यांमुळे त्याहून बराच खाली. मासा ३४ वर जगतो, ३६ वरही जगतो. त्याला जड जातं ते एका रात्रीत ३४ चं ३६ होणं.

बिअरवाल्यांतला शेवटचा माणूस म्हणजे डब्लिनच्या गिनेसमधला विल्यम गॉसेट. गिनेसमध्ये कार्ल्सबर्गच्या उलट रीत होती, कामाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपला निबंध छापला. प्रश्न होता: हातात चार-पाचच मापं असतील, तर त्यांच्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा? संख्याशास्त्राच्या वर्गात आपण जी ‘टी-टेस्ट’ घोकतो ती हीच. टाकीला लावायची तर सोप्या शब्दांत: तीच चाचणी त्याच पाण्यावर तीनदा करून बघा. तीन आकड्यांत आपसांत जेवढा फरक पडतो, त्याहून लहान बदल ही बातमी नव्हे. क्षारीयता मोजताना थेंब मोजतात आणि एक थेंब म्हणजे पट्टीवरचा एक अंश असेल, तर ७ आणि ८ यांवरून झोप उडवायचं कारण नाही.

माझी यादी

इतकं वाचून शेवटी जे घेतलं ते फार नाही. एक रिफ्रॅक्टोमीटर, आणि त्याच्यासोबत हजारी ३५ चं प्रमाण द्रावण. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही. पट्टीची एक बाजू बरोबर आली म्हणून दुसरी येतेच असं नाही. द्रावण संपलं की ते घरीही होतं: चांगल्या वजनकाट्यावर ३६.५ ग्रॅम मीठ, ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. रिफ्रॅक्टोमीटरपुरतं हे समुद्राच्या ३५ ची जागा घेतं. अशा द्रावणावर काटा ३५ वर आणला, की मिठाच्या पट्टीचा चढेलपणाही त्याच ठिकाणी निघून जातो. माझ्यापुरती ही कोपनहेगनची बाटली.

अमोनिया आणि नायट्राइटच्या छोट्या बाटल्या, कारण पहिले आठवडे संपले की त्या क्वचित लागतात आणि पडून पडून मुदत उलटते. क्षारीयतेची थेंबांची चाचणी, कारण जीवाणू आपलं काम करताना ती हळूहळू खातात आणि पीएच घसरण्याच्या आधी ती घसरते. दोन थर्मामीटर. पीएच पेन नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या चाचण्या नाहीत, कारण त्या कठीण प्रवाळांसाठी लागतात, आणि प्रवाळ भारतात २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. ते घरात ठेवायचे नाहीत, म्हणजे त्यांची मापंही नकोत.

आणि एक वही. तारीख, वेळ, तापमान, क्षारता, क्षारीयता, कोणी मोजलं. साधन बदलायचं झालं, तर जुनं आणि नवं दोन्ही आठवडाभर शेजारीशेजारी मोजायचं आणि मगच जुनं काढायचं. नाहीतर टाकी बदलली की काटा बदलला, हे कधीच कळणार नाही. गेल्या दोन महिन्यांत वहीतला क्षारतेचा रकाना ३४.५ ते ३५.५ च्या आत आहे. वाचायला तो अत्यंत कंटाळवाणा आहे. रिचर्डसनपासून गॉसेटपर्यंत सगळे बिअरवाले असाच कंटाळवाणा रकाना मिळवायला राबत होते, आणि त्याच्या भरवशावर दोन क्लाउनफिश आत्ता काचेशी येऊन खायला मागतायत.